गांधीबागेत धंदा आहे आणि नवीन फ्लॅट घ्यायचाय? टोकन देण्याआधी हे वाचा

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून हा विषय इथे निवांत लिहितोय.

धंदा दोन-तीन वर्षं बरा चालला की घरात एकच विषय निघतो, आता स्वतःचा फ्लॅट घेऊन टाकू. घ्या ना, जरूर घ्या. पण नोकरदाराचं घर आणि दुकानदाराचं घर यात एक फरक आहे. नोकरदाराला घरात फक्त राहायचं असतं. तुमचं घर उद्या बँकेत तारण म्हणूनही जाऊ शकतं. कॅश क्रेडिट मागायला गेलात की मॅनेजर बहुतेक वेळा विचारतोच, "तारण काय देता?" तेव्हा फ्लॅटच्या टाइल्स कोणी बघत नाही, कागद बघतात.

आता गांधीबागचंच बघा. कापडाचा ठोक बाजार, शेजारी इतवारी आणि महाल, गल्ल्या अरुंद, प्लॉट लहान. जुनं घर पाडायचं, खाली दुकानं काढायची, वर फ्लॅट. डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून मेट्रोही धावतेय. दुकानाजवळच घर, हा मोह साहजिक आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका ८ पर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. जुन्या वस्तीतली लहान बांधकामं यात सहज बसतात. म्हणजे बिल्डर "आपल्याला रेरा लागत नाही" म्हणाला तर तो खोटंच बोलतोय असं नाही. पण महारेराच्या वेबसाइटवर जी माहिती बसल्या जागी मिळाली असती, ती आता तुम्हाला पायपीट करून गोळा करावी लागेल.

सगळ्यात आधी सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका काढा. जुन्या घरांना वारस भरपूर असतात. चार भावांनी सही केली आणि लग्न होऊन गेलेली बहीण राहून गेली, की पुढे वाद उभा राहतो. जागा नझूलची असेल तर भाडेपट्टा कधी संपतो तेही विचारा. मग महापालिकेचा मंजूर नकाशा घ्या आणि इमारतीसमोर उभं राहून मजले मोजा. हसू नका, खरंच मोजा! नकाशात तीन आणि समोर चार असतील, तर चौथ्यावरचा फ्लॅट स्वस्त का मिळतोय ते कळेल. इमारत पूर्ण झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. ते आणि बिल्डरचं पझेशन लेटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चावी हातात आली म्हणजे प्रमाणपत्र आलं, असं होत नाही.

बेसा, मानेवाडा भागात मोठ्या स्कीममध्ये बघत असाल तर महारेरा नंबर टाकून प्रकल्प तपासा. तिथे नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि भाव कार्पेट एरियावरच बोला. गुंठेवारीतला जुना ले-आउट असेल तर नियमितीकरणाचं पत्र, आपल्याकडे ज्याला आरएल म्हणतात, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पैशाचं. समजा फ्लॅट ५० लाखांचा आहे. या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४० लाख. तुमचे १० लाख. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, अडीच लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलात तर हा जीएसटी लागतच नाही. मुद्रांक शुल्क हिशेबापुरतं ७ टक्के धरलं तर साडेतीन लाख (नेमका दर निबंधक कार्यालयात विचारा, घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत आहे). नोंदणी फी ३० हजार. झाले १६ लाख ३० हजार, तेही फर्निचर आणि पार्किंग सोडून.

हे १६ लाख कुठून येणार? बहुतेक जण दुकानातून काढतात. आणि लगीनसराईच्या तोंडावर माल भरायला पैसा उरत नाही. मग महिना २ टक्क्यांनी उचल. वर्षाचे २४ टक्के झाले हो! गृहकर्ज स्वस्त मिळालं म्हणून आनंद करायचा आणि इकडे धंद्याचा पैसा महाग करून घ्यायचा, हा व्यवहार मला पटत नाही. एका सीझनचा माल भरण्याइतकी रक्कम बाजूला ठेवूनही १६ लाख निघत असतील, तरच साइट बघायला जा. नसतील तर एक वर्ष थांबा किंवा लहान फ्लॅट बघा.

अजून एक, हे मी सगळ्यांना सांगतो. टोकन देण्याआधी कागदांच्या झेरॉक्स घेऊन तुमचं चालू खातं आहे त्याच बँकेत जा. तिथल्या पॅनेलवरच्या वकिलाकडून, त्याची फी भरून, सर्च रिपोर्ट करून घ्या. त्याला सरळ विचारा, "या फ्लॅटवर उद्या धंद्यासाठी कर्ज द्याल का?" तो घुटमळला तर बिल्डरला दुसऱ्या दिवशीच फोन करून नाही म्हणून सांगा.