ऑपरेशननंतरची गोळी

1968 साली फ्रान्समधल्या बोर्डो शहरात फ्रान्सिस फॉन्टन या सर्जनने एक धाडस केलं. ज्या मुलांच्या हृदयात रक्त ढकलायला एकच धड कप्पा असतो, त्यांचं अशुद्ध रक्त उजव्या पंपाला वगळून थेट फुप्फुसांकडे वळवायची वाट त्यांनी काढली. एरवी अशी मुलं क्वचितच मोठी व्हायची. आज 'फॉन्टन' झालेली मुलं नोकरी करतात, संसार थाटतात.

पण या वाटेवर रक्ताला मागून रेटणारं कोणी नाही. ते संथ वाहतं आणि गोठायला बघतं. जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनात वरचा उजवा कप्पा फुगत जातो, ठोके बिघडतात, धोका वाढतो. गुठळी फुप्फुसात अडकते. सर्जनने या वाटेत मुद्दाम छोटं छिद्र ठेवलं असेल, तर ती मेंदूतही जाऊ शकते. त्यात रक्त तुंबून यकृत थकतं. रक्त गोठवणारी आणि गोठणं रोखणारी, दोन्ही प्रथिनं बहुतांशी तिथेच तयार होतात. एकाच शरीरात गुठळीचीही भीती आणि रक्तस्रावाचीही!

म्हणून शेजारच्या काकांची रक्त पातळ करणारी गोळी इथे चालत नाही. आधी गुठळी झाली असेल किंवा ठोके बिघडले असतील, तर बहुधा वॉरफरिन किंवा आपल्याकडचं ओळखीचं एसिट्रॉम. काहींना ॲस्पिरिन पुरतं. हृदयात मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर वॉरफरिनच्या जातीचंच औषध, तेही जन्मभर. अशा झडपांसाठी डॅबिगॅट्रान ही नवी गोळी वापरून पाहिली, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

वॉरफरिन-एसिट्रॉमचा डोस ठरतो रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीवर. अनेकांचा आकडा 2 ते 3च्या दरम्यान हवा असतो. मेथी-पालकातलं के जीवनसत्त्व तो खाली खेचतं. तरी भाजी सोडू नये, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवावं. मेडिकलमधून परस्पर आणलेली पेनकिलर मात्र जिवावर बेतू शकते.

तरुण मुलींचा प्रश्न घरात सहसा निघतच नाही, आणि तो निघायलाच हवा. या गोळ्यांमुळे पाळीत रक्त जास्त जातं. गरोदरपणात वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ते गर्भाच्या घडणीत दोष आणू शकतं. हेपॅरिनची इंजेक्शनं बाळापर्यंत पोचत नाहीत, पण मेकॅनिकल झडपेला त्यांचं संरक्षण तितकं भरवशाचं नसतं. त्यामुळे हे बोलणं दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी व्हावं. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून आपल्या मनाने गोळी बंद केली, तर झडपेवर गुठळी धरू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं.