चार मिनिटांचा किलोमीटर

येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण पळत गाठायची म्हटली की मांड्या पेटतात आणि बोलणं बंद होतं. अशा वेळी बेळगावच्याच फडेप्पा चौगुलेंची आठवण काढावी. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले, एकोणिसावे आले. वेळ, सुमारे २ तास ५० मिनिटं. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. हिशेब करा: किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं! पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांनी या ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं मनावर घेतलं होतं.

असा वेग मेहनतीने कमावताना शरीरात बदलतं काय? महिनोन्महिने निवांत पळलं की स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींतले ऊर्जेचे कारखाने, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मग त्याच वेगाला चरबी जास्त जळते, ग्लायकोजन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, वाचतं. मॅरेथॉनचा सगळा खेळ इथेच आहे. ग्लायकोजनचा साठा तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आटत येतो आणि भलेभले तिथे गळपटतात. उपजत देणगीचा वाटा असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हे बदल कमावल्याशिवाय ती देणगीही फुकट जाते.

म्हणून नव्याने पळू लागलेल्यांनी बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळावं. दम काढणारं पळणं आठवड्यातून एकदा पुरे.