वायुप्रवाह संवेदक, मोटारगाडीतील

वायुप्रवाह संवेदक : मोटारगाडीच्या एंजिनात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारे उपकरण. हे हवागाळणीच्या पुढील नळीत बसविलेले असते. कर्मशाळांत ते ‘एअर फ्लो सेन्सर’ या नावाने ओळखले जाते. १ किग्रॅ. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते, संवेदकाच्या मापावरून इलेक्ट्रॉनीय नियंत्रक तेवढे इंधन सोडतो. काही एंजिनांत मात्र हवेचे मान नळीतील दाबावरून काढतात. तेथे हा संवेदक नसतो.

बॉश कंपनीच्या १९७३ च्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत हवेच्या रेट्याने हलणारी पट्टी होती. पुढे तप्त तारेचा किंवा तप्त पटलाचा संवेदक रूढ झाला. तार हवेपेक्षा ठराविक अंशांनी अधिक तापलेली ठेवतात. वाहती हवा तिची उष्णता हिरावते. ती भरून काढण्यास लागणारा विद्युत् प्रवाह हेच हवेचे माप होय. या शीतनाचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडले.

तार तुटली तर दोष चटकन उमगतो. फसवा दोष मळाचा. धूळ व गाळणीवरील जादा तेल तारेवर बसून तिला जणू गोधडी पांघरतात. उष्णता कमी जाते आणि हवा प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. मग इंधन अपुरे पडून चढावर गाडी दम टाकते. मंद गतीत ऑक्सिजन संवेदकाच्या साहाय्याने नियंत्रक ही तूट भरून काढतो, म्हणून दोष बराच काळ झाकून राहतो.

नियंत्रकाने संवेदकाकडे बोट दाखविले, तरी तोच दोषी असतो असे नाही. संवेदकापुढील रबरी नळीला चीर गेल्यास न मोजलेली हवा आत शिरते व लक्षणे तशीच दिसतात. १,५०० घ. सेंमी.चे एंजिन स्थिर गतीत दर सेकंदास सु. २ ते ४ ग्रॅ., तर पूर्ण भाराखाली सु. ७० ग्रॅ. किंवा अधिक हवा ओढते. त्यामुळे चिरेतून येणारी थोडी हवा स्थिर गतीतच जाणवते, वेगात ती नगण्य ठरते. मळलेल्या तारेची तूट याउलट भाराबरोबर वाढते. इंधन-दुरुस्तीचे आकडे दोन्ही स्थितींत पाहिल्यास भेद कळतो. तो न पाहता महागडा संवेदक बदलणे हा नित्याचा अपव्यय आहे.

तार साफ करण्यास खास बाष्पनशील विद्रावकाचा फवारा वापरतात. बोट, कापड वा दाबित हवा यांनी ती तुटू शकते.