उच्च शिक्षण प्रवेशाची कागदपत्रे आणि शालेय समुपदेशन : निलंगा तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

ग्रामीण विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षण प्रवेशात गुणांइतकेच दाखल्यांनाही महत्त्व आहे. राखीव जागा, शुल्कसवलत व शिष्यवृत्ती यांचा निर्णय दाखल्यांवरूनच होतो. जेथे समुपदेशकाचे स्वतंत्र पद नाही, तेथे ही जबाबदारी वर्गशिक्षक व लिपिक यांच्यावर येते. त्यामुळे समुपदेशन म्हणजे केवळ शाखानिवडीचा सल्ला, ही समजूत अपुरी ठरते. प्रस्तुत लेखात लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्याच्या संदर्भात या कार्याचे विवेचन केले आहे.

दाखल्यांची साखळी

शाळेचे जनरल रजिस्टर हे या साखळीचे मूळ होय. त्यातील नोंदीवरून शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. तो दाखला व वडील-आजोबांच्या जुन्या नोंदी यांच्या आधारे उपविभागीय अधिकारी जातीचे प्रमाणपत्र देतात. पुढे पडताळणी समिती त्याची वैधता तपासते. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाने या प्रक्रियेला वैधानिक आधार दिला. मूळ नोंदीत आडनावाचा किंवा जन्मतारखेचा दोष असल्यास तो पुढील प्रत्येक दाखल्यात उतरतो. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर मुख्याध्यापकांना ही नोंद स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता लागते. म्हणून दुरुस्तीची योग्य वेळ विद्यार्थी शाळेत असतानाचीच असते.

जुन्या नोंदींतील 'बिदर जिल्हा'

निलंगा तालुक्याची विशेष अडचण इतिहासातून आली आहे. हैदराबाद संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात हा तालुका बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तो तत्कालीन मुंबई राज्याच्या उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात आला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी नव्या लातूर जिल्ह्याचा भाग झाला. बिदर जिल्ह्याचा उर्वरित मोठा भाग मात्र कर्नाटकात गेला.

जातीच्या दाव्यासाठी अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाकरिता १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचे वास्तव्य व नोंदी पाहिल्या जातात. साहजिकच आजोबा-पणजोबांच्या कागदावर 'जिल्हा बिदर' असे आढळू शकते. निजामकाळातील कागद उर्दूतही असतात. असा कागद पाहून कुटुंब परराज्यातून आले असावे, असा गैरसमज होण्याचा संभव असतो. येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : तालुकाच तेव्हा बिदर जिल्ह्यात असणे आणि कुटुंब भालकी किंवा औरादकडून स्थलांतरित होऊन येणे. कागदावरील गाव व तालुका पाहिल्यास हा भेद स्पष्ट होतो. दुसऱ्या प्रकारात स्थलांतरितांसाठीचे नियम लागू होतात.

समुपदेशकाचे कार्य

हे कार्य तीन वर्षांत विभागता येते. दहावीत जनरल रजिस्टर, आधारपत्र व मंडळाकडे जाणारा परीक्षा अर्ज यांतील नावे अक्षरशः ताडून पाहावीत. अकरावीत पालकांसह वंशावळ तयार करावी, आजोबांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळविण्यास सांगावे, उर्दू नोंदींचे भाषांतर करून घ्यावे आणि विज्ञान शाखेच्या राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांचे पडताळणी प्रस्ताव प्राचार्यांच्या पत्रासह पाठवावेत. उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र मुदतीचे असल्याने ते बारावीत घ्यावे. सेतू केंद्रात अर्ज भरला जातो. परंतु कोणता पुरावा कशाला जोडावा, हे शाळेनेच समजावून द्यावयास हवे. अक्षरओळख नसलेल्या पालकांच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक आहे.

निष्कर्ष

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. वेळेत दाखला नसेल, तर ही सवलत कागदावरच राहते आणि शेतमजुराच्या घरात मुलीचे शिक्षण थांबविण्याचा निर्णय होऊ शकतो. वरिष्ठ महाविद्यालयातील प्रवेश समितीला कागदांतील उणीव प्रवेशाच्या आठवड्यात दिसते. तेव्हा उपायाला अवधी उरलेला नसतो. म्हणून महाविद्यालयीन प्राध्यापकांनी परिसरातील शाळांशी अकरावीपासूनच संपर्क ठेवणे, हे प्रवेशकार्याचेच अंग मानले पाहिजे.