साक्षी तीन, साक्ष एक

दोन वर्षांपूर्वी मी एका आंतरराष्ट्रीय परिषदेकडे शोधनिबंध पाठवला आणि तो नाकारला गेला. परिषदेचा विषय ‘इन्फर्मेशन फ्यूजन’, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या माहितीचा मेळ घालण्याचं शास्त्र. नकाराचं वाईट वाटलंच. पण त्याचं जे कारण दिलं होतं ते इतकं जुनं आणि इतकं आपल्या ओळखीचं निघालं, की ते वाचकांपुढे मांडावंसं वाटलं.

आधी शास्त्राविषयी थोडं. आकाशातलं विमान कुठे आहे हे एक रडार सांगतं, दुसरं रडार थोडं वेगळं सांगतं. दोन्ही थोडी थोडी चुकतात. मग खरं ठिकाण कोणतं? ज्याची चूक कमी त्याला जास्त वजन द्यायचं, ज्याची जास्त त्याला कमी, आणि दोघांचा मेळ घालायचा. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली हे काम क्षणाक्षणाला करत राहण्याची गणिती रीत मांडली आणि ती अपोलो यानांच्या मार्गदर्शनात वापरली गेली. आज आपल्या हातातल्या फोनलाही आपण कुठे आहोत ते अशाच रीतींनी कळतं. एखादं निरीक्षण नेमकं याच विमानाचं की शेजारच्या, हे ठरवताना जे ‘अंतर’ मोजतात ते कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांचं, १९३६ सालचं. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा १९९८ साली लास वेगासला भरली आणि तेव्हापासून ती दर वर्षी भरते.

माझा प्रश्न विमानाचा नव्हता, पावसाचा होता. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात आणि पुढची मदत बरीचशी त्या आकड्यावर अवलंबून असते. पर्जन्यमापक असतो मंडळात एका जागी. पाऊस मात्र मंडळाची हद्द पाहून पडत नाही. मापकाजवळ भुरभुर आणि दहा किलोमीटरवरच्या गावात शेतं वाहून गेलेली, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा मापकाची नोंद, उपग्रहाचा अंदाज आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलेले आकडे एकत्र करून त्या गावात किती पाऊस पडला असेल हे काढता येईल का, असा माझा विचार होता. मी गणित शिकलो ते जुन्या पुस्तकांतून आणि रात्री जागून. पदवीचा त्याच्याशी संबंध नाही.

अशा परिषदेला निबंध पाठवणं हे साहित्याच्या चर्चासत्राला जाण्यासारखं नसतं. तिथे बहुधा अर्ध्या पानाचा गोषवारा पाठवला की बोलावणं येतं. निबंध प्रवासात लिहिला तरी चालतो. इथे पूर्ण निबंध आधी द्यावा लागतो, तोही ठरलेल्या साच्यात: दोन रकाने, ठरलेला टंक, पानांची मर्यादा. माझी तेवीस पानं आठ पानांत बसवताना कळलं, की पंधरा पानं मी स्वतःलाच समजावत होतो. तोच निबंध एकाच वेळी दुसरीकडे पाठवायचा नाही, हा कडक नियम. स्वीकारला गेला तर लेखकांपैकी एकाने तरी नोंदणी शुल्क भरून तो परिषदेत मांडायचा. अर्जात नावाखाली ‘संस्था’ असा रकाना असतो. त्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो आणि शेवटी ‘स्वतंत्र संशोधक’ असं लिहिलं.

मग निबंध परीक्षकांकडे जातो. माझा तिघांकडे गेला. प्रत्येकाने गुण द्यायचे, अभिप्राय लिहायचा आणि या विषयात आपली स्वतःची जाण किती तेही सांगायचं. ही शेवटची अट मला फार आवडली. कारण ‘मला यातलं फारसं कळत नाही’ म्हणणाऱ्याच्या मताला कमी वजन द्यायचं, हे तर त्या शास्त्राचंच पहिलं सूत्र. अभिप्राय लिहून होईपर्यंत परीक्षकांना एकमेकांची मतं दाखवू नयेत, हेही त्यातलंच. एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलं तर मतं दोन दिसतात, असतं एकच.

आणि माझी चूक नेमकी हीच होती.

सोपे आकडे घेऊन सांगतो. समजा मापक त्या गावासाठी ६० मिलिमीटर सांगतो आणि त्यात साधारण १० ची चूक संभवते. उपग्रह ८० सांगतो, चूक २० ची. वजनं चुकीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात द्यायची, म्हणजे इथे चारास एक. उत्तर येतं ६४ आणि त्यातली चूक सुमारे ९ ची. आता वर्तमानपत्राचे ६० हा तिसरा साक्षीदार म्हणून उभा केला आणि त्यालाही मापकाइतकंच वजन दिलं, तर उत्तर ६२ वर उतरतं आणि चूक ७ च्या खाली येते. आकडा जास्त नेमका झाल्यासारखा वाटतो. पण वर्तमानपत्राने पाऊस मोजलेला नव्हता. त्याने तहसील कचेरीतला तोच मापकाचा आकडा छापला होता. म्हणजे मी एकाच माणसाला दोनदा साक्षीला बोलावलं होतं. त्यामुळे खात्री फुकटची वाढली, आणि वाढली ती गावाच्या विरुद्ध. प्रामाणिक उत्तर होतं, ‘६५ ओलांडले की नाही हे सांगता येत नाही’. माझं उत्तर ‘बहुधा नाही’ कडे झुकत होतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला त्यांच्याच हातातला संशयाचा फायदा मी काढून घेत होतो.

दुसऱ्या परीक्षकाने आणखी खोल हात घातला. मी उपग्रहाची जी माहिती वापरली तिची अंतिम आवृत्ती जमिनीवरच्या मापकांच्या महिन्याच्या बेरजांशी ताडून दुरुस्त केलेली असते. त्याने विचारलं होतं: त्या दुरुस्तीत तुमचा हाच मापक नाही कशावरून? म्हणजे तिसरा साक्षीदार फुटलाच, दुसराही पहिल्याचा नातेवाईक असण्याची शक्यता होती.

शास्त्रात या रोगावर औषध आहे. सायमन जुलियर आणि जेफ्री उल्मन यांनी १९९७ साली एक रीत सुचवली: दोन साक्षींचं आपसातलं नातं माहीत नसेल तर कोणतंही नातं असलं तरी खोटी ठरणार नाही, इतकीच खात्री बाळगायची. माझ्यासारख्या एकाच आकड्याच्या बाबतीत ती रीत एवढंच सांगते, की जास्त भरवशाची साक्ष घे आणि दुसरी सोबत आहे म्हणून खात्री वाढवू नकोस.

तो अभिप्राय वाचताना मला पुण्याची आठवण झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत असताना विष्णू सीताराम सुखटणकरांपुढे हाच प्रश्न होता. शेकडो हस्तलिखितं, प्रत्येकात पाठ वेगळा. बहुमत घेणं सोपं होतं. पण एका पोथीवरून वीस प्रती उतरल्या तर वीस मतं होत नाहीत. मूळ पोथीतला दोष वीसदा उमटतो, इतकंच. म्हणून आधी पोथ्यांची वंशावळ लावायची, कोण कोणावरून उतरली ते शोधायचं आणि दूरच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या शाखा जिथे एक पाठ देतात तिथे विश्वास ठेवायचा. १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी ही पद्धत तपशीलवार मांडली. सुखटणकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले होते, हे मला उगाच वाटत नाही. राजवाड्यांनी बखरी बाजूला सारून अस्सल कागद धुंडाळले, त्यामागेही हाच विचार होता: बखरीवरून उतरलेली बखर हा नवा पुरावा नसतो.

हे सगळं मी वाचलेलं होतं. दिवाळी अंकांत त्यावर लिहिलंही होतं. पण पावसाचे आकडे हाती आल्यावर मला त्यांची वंशावळ विचारायचं सुचलं नाही. आकडा छापील असला की तो स्वयंभू वाटतो.

आता निबंध पुन्हा लिहितो आहे. वर्तमानपत्र काढून टाकलं. उपग्रहाची, त्या महिन्याच्या मापकांची दुरुस्ती होण्याआधीची आवृत्ती घेतली. गावातल्या शाळेच्या पटांगणात दोन मुलं रोज सकाळी साडेआठला मापक वाचून वहीत लिहितात. ती वही आता माझी खरी दुसरी साक्ष आहे. खात्री पूर्वीपेक्षा कमी आहे, आकड्यापुढची चूक मोठी दिसते. ती तशीच छापायची असं ठरवलं आहे. अर्ज भरताना ‘संस्था’ या रकान्यात या वेळीही ‘स्वतंत्र संशोधक’ असंच लिहीन. त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द माणसापेक्षा पुराव्याला जास्त लागू व्हावा लागतो, हे आता कळलं आहे.