कागदावर १ जून, आईच्या आठवणीत पोळा : परदेशात गेल्यावर वाढदिवस नेमका कोणता?

दरवर्षी १ जूनला महाराष्ट्रातल्या फेसबुकवर शुभेच्छांचा पूर येतो. काका, मामा, गावचे सरपंच, वर्गातली चार-पाच पोरं, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. यावर विनोद करून आता लोक थकले आहेत. पण वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून शिकायला किंवा नोकरीला जर्मनी, दुबई, अमेरिका गाठलेल्या माणसासाठी हा विनोद राहत नाही. तिथे ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये पासपोर्टवरची तारीख असते. १ जूनला सकाळी सगळ्यांना ईमेल जातो, टेबलावर फुगा बांधलेला असतो, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला मनातून ठाऊक असतं की आपला जन्म काही आज झालेला नाही.

हा १ जून आला कुठून?

शाळेतून. पूर्वी खेड्यात बाळंतपण घरीच व्हायचं आणि ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करायला कुणी जायचंच असं नाही. पोरगं शाळेत घालायची वेळ आली की बाप त्याला गुरुजींसमोर उभं करायचा. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "लिहा तुमच्या हिशोबानं." शाळेचं वर्ष जूनपासून धरलं जायचं आणि पहिलीसाठी ठरावीक वय पूर्ण लागायचं. गुरुजी मुलाकडे बघून अंदाज बांधायचे, तेवढी वर्षं मागे जायचे आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जूनची पहिली तारीख टाकायचे. विदर्भात उन्हामुळे शाळेची घंटा जूनच्या अखेरीला वाजते, तरी तारीख मात्र १ जूनच. तीच तारीख मग टी.सी.वर, दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि शेवटी पासपोर्टवर चढते.

जन्माची नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहेच. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. पण पासपोर्टसाठी बराच काळ २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा होता, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तीही अट शिथिल होऊन शाळेचा दाखला, आधार असे इतर कागद चालू लागले. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच पुरावा आहे. म्हणजे पुढच्या पिढीत १ जूनवाले कमी होत जातील. सध्या परदेशात नोकरी करणाऱ्या पिढीत मात्र ते भरपूर आहेत.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. सोमालिया, सुदान, इराक, अफगाणिस्तानातून अमेरिकेत गेलेल्या असंख्य निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी ही जन्मतारीख आहे. नेमकी तारीख माहीत नव्हती, रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, मग कारकुनाने वर्षाचा पहिला दिवस लिहून टाकला. आपल्याकडे गुरुजींनी जे केलं, तेच तिथे निर्वासित छावणीतल्या टेबलावर झालं.

मग खरा वाढदिवस?

तो आईकडे असतो, पण तारखेच्या रूपात नाही. "तू पोळ्याच्या करीला झालास. बाहेर पाऊस, आणि बैल अजून सजवलेलेच होते." हे तिला पन्नास वर्षांनीही आठवतं. गावात वेळ मोजायची पद्धतच ही होती : पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची सोंगणी, तूर घरात आली तो आठवडा, शेजारच्या अमक्याच्या लग्नानंतर चार दिवसांनी.

गंमत अशी की यातला सण कॅलेंडरवर एका जागी बसत नाही. पोळा श्रावण अमावास्येला. तो २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला आला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकरा-बारा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना आला की पुन्हा मागे जाते. तिथी आणि तारीख जवळपास पुन्हा जुळायला १९ वर्षं लागतात. तेव्हा आईने सांगितलेल्या सणावरून इंग्रजी तारीख काढायची तर जन्माचं वर्ष पक्कं हवं आणि त्या वर्षाचं पंचांग हवं. वर्षच गुरुजींच्या अंदाजाचं असेल तर अडचण येते. अशा वेळी भावंडांच्या वयातलं अंतर, गावात वीज आली ते साल, एखादी निवडणूक, असे धागे जोडावे लागतात. ज्यांनी हे करून पाहिलं त्यांना आपली तारीख महिन्याभराने नव्हे, वर्षा-दीड वर्षाने चुकलेली सापडते.

ज्यांना तिथी ठाऊक आहे त्यांच्यापुढे परदेशात आणखी एक प्रश्न येतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या १२ अंशांच्या अंतराचा काळ. ती जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते, फक्त घड्याळं वेगळी असतात. समजा एखादी तिथी भारतात १० तारखेला सकाळी ८ वाजता संपते. वाशिममध्ये १० तारखेच्या सूर्योदयाला ती आहे, म्हणून तिथला दिवस १०. पण त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात ९ तारखेच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. तिथे १० चा सूर्य उगवेल तेव्हा पुढची तिथी लागलेली असेल. म्हणून न्यूयॉर्कमध्ये तोच तिथीचा वाढदिवस ९ तारखेला. भिंतीवरचं कालनिर्णय भारतातून नेलेलं असेल तर हा घोटाळा हमखास होतो. तिथल्या गावाचं पंचांग पाहावं.

बाराचा फोन

रात्री बाराच्या ठोक्याला फोन करण्याची आपली नवी रूढी परदेशात चांगलीच गोंधळ घालते. वाशिममध्ये रात्री बारा वाजतात तेव्हा दुबईत आदल्या दिवसाचे साडेदहा, लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेसात, न्यूयॉर्कमध्ये दुपारचे अडीच असतात. सिडनीतला मुलगा मात्र साखरझोपेत असतो, तिथे त्याच दिवसाचे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच.

बर्लिनमध्ये तर याला वेगळीच फोडणी बसते. तिथे उन्हाळ्यात हा फोन आदल्या संध्याकाळी साडेआठला पोहोचतो, आणि जर्मन लोक वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. आपल्याकडे 'ॲडव्हान्समध्ये शुभेच्छा' हा आपुलकीचा प्रकार. तिथे रूममेटचा चेहरा उतरतो. त्याला सांगावं लागतं की भारतात तारीख उलटली आहे.

जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये ऑफिसला केक वाढदिवस असणाऱ्यानेच न्यायचा असतो. कुणी केक आणला नाही म्हणून वाईट वाटून घेत बसलेल्या नव्या माणसाला हे बऱ्याचदा उशिरा कळतं. तोवर सहकारीही त्याच्या केकची वाट पाहून दमलेले असतात. डच घरांत शुभेच्छा ज्याचा वाढदिवस त्यालाच नव्हे, त्याच्या आईवडिलांना, बायकोलाही देतात. हे आपल्याला परकं वाटू नये. अमेरिकेत उलट : हॉटेलात जेवायला गेलं की बहुधा मित्र आपसांत बिल वाटून घेतात आणि वाढदिवसवाल्याला पैसे देऊ देत नाहीत. आपला माणूस पाकीट काढून उभा राहतो.

चौकात फ्लेक्स लावणं आणि तलवारीने केक कापणं मात्र कुठल्याच देशात समजावून सांगता येत नाही. तलवारीचं तर आपल्या पोलिसांनाही पटत नाही, गुन्हे दाखल होतात.

निरांजन आणि मेणबत्ती

औक्षणाचा गाभा साधा आहे : पाट, भोवती रांगोळी, कपाळाला कुंकू आणि अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळायची, मग निरांजन. ओवाळणारी घरातली मोठी बाई. परदेशात नेमकी तीच नसते. म्हणून व्हिडिओ कॉलवर आई वाशिममधून मोबाइलच्या पडद्याला ओवाळते. हे दृश्य आता इतकं सवयीचं झालं आहे की त्यावर हसूही येत नाही. हॉस्टेलमध्ये बहुतेक ठिकाणी उघड्या ज्योतीला बंदी असते. त्यात नियम तोडण्याचं शौर्य नाही, दंड होतो आणि धुराचा अलार्म वाजला तर अख्खी इमारत रस्त्यावर येते. कापूर आणि धूप त्यासाठी जास्त कुप्रसिद्ध. बॅटरीचा दिवा चालतो.

दिवा लावायचा, फुंकून विझवायचा नाही, असं शिकवलेल्या माणसाला केकवरच्या मेणबत्त्या फुंकताना पहिल्यांदा अडखळायला होतं. बरेच जण दोन्ही करतात, आधी औक्षण, मग केक. शेवयांची खीर कुठेही जमते.

एकटेपणा मात्र जुनाच. डॉ. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि ऑक्टोबर १८८६ मध्ये परतीला निघाल्या. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, म्हणजे १९ वा, २० वा आणि २१ वा असे तीन वाढदिवस अमेरिकेत गेले. एकविसाव्याच्या अवघे वीस दिवस आधी, ११ मार्च १८८६ ला, फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली होती. घरचं पत्र यायला कित्येक आठवडे लागायचे. रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी त्यांना आपल्या घरात मुलीसारखं ठेवलं, हा त्यातला दिलासा. बाविसावा वाढदिवस त्यांना लाभला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या.

दोन तारखा, एक माणूस

व्यवहारात नियम एकच : व्हिसा, विमा, बँक, लायसन्स, पेन्शन, कुठल्याही फॉर्मवर पासपोर्टवरचीच तारीख. 'खरी' तारीख एका जागी आणि कागदी दुसऱ्या जागी लिहिली तर महिनोन्महिने खुलासे द्यावे लागतात. दहावीच्या सनदेवर चढलेली तारीख पुढे बदलणं फारच कठीण.

सहकाऱ्यांना समजावताना इंग्लंडच्या राजाचं उदाहरण कामी येतं. राजे चार्ल्स यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा, पण त्यांचा अधिकृत वाढदिवस लंडनमध्ये जूनमध्ये संचलनाने साजरा होतो. एडवर्ड सातवे नोव्हेंबरात जन्मलेले, आणि लंडनमधला नोव्हेंबर मिरवणुकीच्या कामाचा नाही, म्हणून ही सोय. जूनमधला कागदी वाढदिवस वाशिमच्या पोराला आहे तसा राजालाही आहे. खुद्द वाशिम जिल्ह्याला आपली तारीख पक्की ठाऊक आहे : अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. त्याआधी जन्मलेल्यांच्या जुन्या कागदांवर जिल्हा अकोला दिसतो, आणि परदेशी कारकून त्यावरही बोट ठेवू शकतो.

फेसबुकवर १ जून तसाच राहू द्यायला हरकत नाही. पण तो पासपोर्टवरही आहे, त्यामुळे वर्षासकट सगळ्यांना दिसेल असा ठेवू नये. बँका ओळख पटवायला तीच विचारतात.

आणि आईवडिलांची तारीख? वडिलांच्या पंचाहत्तरीला सुट्टी काढून यायचं ठरतं तेव्हा कळतं की त्यांच्याही आधारवर १ जूनच आहे. सहस्रचंद्रदर्शनाचं गणित तर साधारण ८० वर्षं १० महिन्यांचं, तिथे वर्ष चुकून चालत नाही. अशा वेळी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विदर्भात कोतवाल बुक म्हणून ओळखलं जाणारं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर शोधता येतं. अर्जात गावाचं नाव, आजोबांचं नाव आणि अंदाजे साल लिहायचं. नोंद सापडली तर नक्कल मिळते. पुष्कळदा त्यात बाळाचं नाव नसतं. तारीख, आजोबांचं नाव, आणि पुढे एवढंच : मुलगा.