सर्फिंग शिकताय? उभं राहणं नंतर, आधी पाणी बघा

आजचा प्रश्न: पंचविशी-तिशीत सर्फिंग शिकता येतं का? येतं, नक्की येतं. गोव्यात मोरजी-अश्वेच्या बाजूला शिकवणारे आहेत, किंवा कोकण रेल्वेने मंगळुरूच्या अलीकडे मुलकीला उतरा. पण पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात एकच असतं, बोर्डवर उभं कधी राहणार? ते नंतर. आधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून नुसतं पाणी बघा.

समजा, डावीकडे लाटा फुटतायत, उजवीकडेही फुटतायत, मधला एक पट्टा मात्र शांत आणि जरा गडद. तुम्ही कुठून आत जाल? बहुतेक जण मधूनच जातील. आणि धोका नेमका तिथेच असतो!

का, ते बघू. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट जागा मिळाली की ते तिथून जोरात आत ओढलं जातं. पाणी खोल, म्हणून तिथे लाटा कमी फुटतात, आणि आपल्याला ते शांत वाटतं. याला रिप करंट म्हणतात. तो जोरात असला, तर ऑलिंपिकचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकणार नाही.

पण रिप तुम्हाला खाली खेचत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो सरळ किनाऱ्याकडे हात मारून मारून दमल्यामुळे. म्हणून अडकलात तर बोर्ड सोडू नका, तोच तुमचा तराफा. किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटतायत तिकडे हात मारत सरका. दम संपला तर बोर्डवर पडून राहा, एक हात वर करून मदत मागा.

आता बाकीचे नियम पटापट:

- आधी तरंगायला आणि थोडं पोहायला शिका.
- बोर्ड मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी घ्या. पायाला लीश बांधलेली हवीच.
- सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर.
- पडताना डोकं खाली घालून सूर मारू नका, आडवे पडा. वर येताना हातांनी डोकं झाका, बोर्ड कुठूनही येऊ शकतो.
- लाट आणि तुम्ही यांच्या मध्ये बोर्ड आडवा धरू नका. लाट तो तुमच्याच अंगावर आदळते.
- पावसाळ्यात पश्चिम किनारा नवख्यांसाठी नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही.

क्लास निवडताना फीच्या आधी एक विचारा: "आज रिप कुठे आहे?" शिकवणाऱ्याने बोट दाखवून सांगितलं तर पैसे भरा. नाही सांगता आलं, तर त्या दिवशी चहा प्या आणि दुसरा क्लास शोधा.

भेटू पुढच्या भागात!